मदत हवी आहे : महाविद्यालयातील आगामी कार्यक्रमांच्या सूचना मुदतीआधी विद्यार्थ्यांपर्यंत कशा पोहोचवाव्यात?

धागालेखक : पूर्वभाग

नमस्कार. मी सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. यंदा जूनमध्ये समित्यांची वाटणी झाली, तेव्हा कार्यक्रम व सूचना प्रसिद्धी समिती माझ्याकडे आली. विद्यापीठाची आणि शासनाची परिपत्रके, तसेच आमच्याच विभागांचे कार्यक्रम यांची माहिती विद्यार्थ्यांना वेळेत कळवणे एवढेच हे काम असल्याने ‘हलकी समिती मिळाली’ म्हणून सहकाऱ्यांनी माझे अभिनंदनही केले. गेल्या वर्षी हेच काम कागदावर न येता माझ्याकडे होते आणि ते मी नीट केले नाही, हे आधीच मान्य करतो. मदत मागण्यामागचे कारणही तेच आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेचे परिपत्रक आले. राज्यातील विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी होणारी ही स्पर्धा विद्यापीठ पातळीवरून पुढे राज्य पातळीवर जाते, आणि तिच्यात भाषा व ललित कलांपासून शुद्ध विज्ञान, कृषी व पशुसंवर्धन, अभियांत्रिकी, औषधनिर्माण अशा सहा गटांत प्रकल्प मांडता येतात. परिपत्रक वेळेवर आले होते. मी त्याची झेरॉक्स काढली, वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने ‘आविष्कारबाबत’ असे लिहिले आणि ती काचेच्या फलकात लावली. कागद दोन होते. फलकात जागा कमी असल्याने दुसरा कागद पहिल्याच्या मागे ठेवून दोन्हींना मिळून एकच टाचणी टोचली. मग त्याचीच पीडीएफ वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटांवर टाकली आणि दुपारच्या प्रात्यक्षिकाला गेलो.

नोंदणीची अंतिम तारीख दुसऱ्या कागदावर, सातव्या मुद्द्यात होती.

ती तारीख उलटल्यावर तिसऱ्या दिवशी बी.एस्सी. भाग दोनची एक विद्यार्थिनी एक वही घेऊन विभागात आली. तिच्या घरचा बेदाण्याचा शेड आहे. आपल्याकडे द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून रॅकच्या जाळ्यांवर टाकतात, आणि सावलीत व वाऱ्यावर साधारण पंधरा दिवसांत त्यांचा बेदाणा होतो, हे इथल्या बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. रॅकच्या वरच्या आणि खालच्या थरांतल्या मालाचा रंग वेगळा का येतो, असा प्रश्न या मुलीला पडला होता. आधीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिने रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक थराचे तापमान लिहून ठेवले होते, आणि दर दोन दिवसांनी त्या त्या थरातला एकेक मणी सेलोटेपने वहीत चिकटवला होता. पहिल्या पानांवरच्या मण्यांचा ओलावा कागदात उतरून तिथे तपकिरी गोल डाग पडले होते. शेवटच्या पानांवरचे बेदाणे अजूनही टणक होते. कृषी गटात हा प्रकल्प नि:संशय मांडता आला असता. तू सूचना वाचली नाहीस का, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “वाचली सर, पण मला वाटलं आविष्कार म्हणजे गॅदरिंगचं नाव आहे.”

चूक तिची नव्हती. मी लिहिलेल्या एका शब्दावरून तिने दुसरे काय समजावे?

त्या दिवशी मी आमचा फलक पहिल्यांदाच विद्यार्थ्याच्या नजरेने वाचला. निम्म्याहून अधिक जागा अशा कार्यक्रमांनी व्यापली होती, ज्यांची तारीख कधीच बदलत नाही. २४ सप्टेंबरचा राष्ट्रीय सेवा योजना दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, ५ नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन (१८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीतच मराठी नाटक उभे केले, त्यामुळे आमच्याकडे तो विसरण्याची सोयच नाही), १८ नोव्हेंबरचा शिवाजी विद्यापीठाचा वर्धापनदिन, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, मग जानेवारीतला मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारी, २८ फेब्रुवारी. यांतील प्रत्येकासाठी रंगीत फ्लेक्स होतो, त्यावर पाहुण्यांचा फोटो असतो. त्या तुलनेत परीक्षा अर्जाची मुदत, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत, उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी आणि पुनर्मूल्यांकनासाठी मिळणारे थोडके दिवस, युवा महोत्सवाची नावनोंदणी, सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिराची यादी हे सारे साध्या पांढऱ्या कागदावर, बारीक अक्षरांत आणि बहुधा एकावर एक टाचलेले असते. जयंतीला उशिरा आलेल्या विद्यार्थ्याचे काही बिघडत नाही. परीक्षा अर्ज चुकलेल्याला विलंब शुल्क भरावे लागते, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज चुकला तर वर्षाचे पैसे जातात.

आमच्याकडच्या काही अडचणी शहरातल्या महाविद्यालयांना कदाचित येत नसतील. बरीच मुले एसटीने येतात आणि शेवटच्या तासाच्या घंटेआधीच त्यांचे लक्ष स्टँडकडे असते, कारण पुढची गाडी थेट संध्याकाळी असते. अनेक मुलींकडे स्वतःचा मोबाइल नाही, त्यामुळे गटावरचा क्रमांक भावाचा किंवा वडिलांचा असतो, आणि वडील दिवसभर रानात असतात. जत तालुक्याच्या पूर्वेकडील गावांतून येणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरी कानडी बोलली जाते. ती मराठी उत्तम बोलतात, पण ‘उपरोक्त विषयास अनुसरून विहित नमुन्यात’ अशी सुरुवात असलेला कागद ती दुसऱ्या ओळीपर्यंतही वाचत नाहीत, आणि खरे सांगायचे तर मीही वाचत नाही.

या पार्श्वभूमीवर मला जाणकारांकडून काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. महिन्याच्या आरंभी ‘आगामी कार्यक्रम’ असे एकच पत्रक काढावे, की प्रत्येक परिपत्रकाची वेगळी सूचना काढावी? मूळ परिपत्रकाची भाषा सोपी करून लिहिण्याचा अधिकार आम्हा शिक्षकांना कितपत आहे, आणि तसे लिहिताना एखादी अट सुटली तर जबाबदारी कुणाची? मोबाइल नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी आपल्याकडे कोणती पद्धत चालली आहे? ‘संकेतस्थळावर टाका’ हा सल्ला मला आधीच भरपूर मिळालेला आहे. ज्याला माहिती हवी आहे हे आधीच ठाऊक असते, तोच संकेतस्थळ उघडतो. माझा प्रश्न त्याच्या अलीकडच्या विद्यार्थ्यांचा आहे.

प्रतिसाद : आवकजावक

सर, मी साताऱ्यातील एका महाविद्यालयातून कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. आपली टाचणीची हकीकत वाचून हसू आले नाही, कारण असे कागद मीही टाचलेले आहेत.

प्रथम अधिकाराचा प्रश्न. मूळ परिपत्रक जसेच्या तसे लावणे बंद करू नका, पण त्याच्या शेजारी किंवा वर महाविद्यालयाची स्वतःची सूचना प्राचार्यांच्या सहीने लावा आणि तिच्या तळाशी ‘सविस्तर अटींसाठी मूळ परिपत्रक पाहावे’ एवढे वाक्य ठेवा. प्राचार्यांची सही झाली की भाषा आपली ठेवायला कुणाची हरकत नसते.

दुसरे म्हणजे आवक नोंदवहीत एक रकाना वाढवा. पत्र कुणाकडून आले, क्रमांक काय, दिनांक काय, विषय काय हे सगळे आपण लिहितो, मात्र ‘विद्यार्थ्याने काय करायचे आणि कधीपर्यंत’ हे कुठेच लिहीत नाही. तो रकाना लिपिकाने पत्र फोडतानाच भरला, तर शेवटच्या पानावरची तारीख आपोआप पहिल्या पानावर येते. इथे दोन तारखा वेगळ्या ठेवाव्या लागतात : विद्यापीठाने दिलेली मुदत, आणि विद्यार्थ्याने आपल्या विभागात नाव देण्याची मुदत. विद्यापीठाची मुदत पंधरा तारीख असेल, तर विद्यार्थ्याला दहा तारीख सांगावी, कारण मधल्या दिवसांत सही, शिक्का, शुल्क आणि कधीकधी सर्व्हर या चौघांना सांभाळायचे असते. सूचनेत फक्त एकच तारीख छापा आणि ती विद्यार्थ्याची असू द्या. दोन तारखा दिसल्या की माणूस नेहमी पुढची धरून चालतो.

तिसरे म्हणजे सूचना वही. आपल्या वेळी शिपाई ती वही घेऊन वर्गावर्गांत फिरत असे, शिक्षक तास थांबवून सूचना वाचून दाखवत आणि समोर सही करत. व्हॉट्सअॅप आल्यावर बहुतेक ठिकाणी ही वही कपाटात गेली. ती बाहेर काढा. मोबाइल नसलेल्या मुलीलाही ती ऐकू जाते, आणि सही असल्यामुळे ‘आमच्या वर्गात सांगितलेच नाही’ हा वाद राहत नाही.

फ्लेक्सबद्दल आपण लिहिले ते पटले. आमच्या साताऱ्यात २२ सप्टेंबरला कर्मवीर जयंती असते. त्या दिवसाची सूचना कुणी वाचत असेल असे मला वाटत नाही, तरीही रयतच्या शाळा-महाविद्यालयांतली मुले सकाळी हजर असतात.

प्रतिसाद : हजेरीपट

मी सांगलीत पदव्युत्तर पदवी करत आहे आणि पदवीला वर्गप्रतिनिधी होतो, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या बाजूने लिहितो. गटावर पीडीएफ टाकल्यावर ती उघडण्यासाठी आधी डाउनलोड करावी लागते, आणि दिवसाचा डेटा संपत आलेला असेल तर ती राहूनच जाते. शिवाय स्कॅन केलेल्या पीडीएफमधला मजकूर नंतर गटात शोधता येत नाही. ‘शिष्यवृत्ती’ असा शब्द टाकून शोधले, तर फक्त ‘सर शिष्यवृत्तीचं काय झालं’ असे मित्रांचेच प्रश्न सापडतात. त्यामुळे सूचना साध्या मजकुरात, चार ओळींत टाइप करून टाकावी आणि पीडीएफ तिच्याखाली द्यावी. सूचनांचा गट वेगळा ठेवून त्यावर फक्त शिक्षकांनाच लिहिता येईल अशी सोय करावी, नाहीतर वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली परीक्षा अर्ज गाडला जातो. महत्त्वाचा संदेश तीस दिवसांपर्यंत वर पिन करून ठेवता येतो, हे बऱ्याच सरांना माहीत नसते.

आणखी एक, जरा स्पष्टच लिहितो. ‘इच्छुकांनी विभागाशी संपर्क साधावा’ या वाक्याने कुणीही संपर्क साधत नाही. विभागात कोण बसलेले असेल, ते रागावतील का, आपल्याला ‘तुझे गुण किती’ असे विचारतील का, एवढा विचार करून मुलगा दारातून परत जातो. कोणत्या सरांना, कोणत्या खोलीत आणि कोणत्या वेळेत भेटायचे हे लिहिलेले असले, तर तो आत येतो.

प्रतिसाद : सीमेवरचा

आमच्या घरी कानडी आहे आणि मी मराठी माध्यमात शिकलो. धागालेखकांनी या मुलांचा उल्लेख केला याबद्दल आभार, परंतु सूचना कानडीत भाषांतरित करण्याच्या मागे लागू नये असे मला वाटते. लिहिलेली कानडी यांतल्या अनेकांना वाचताच येत नाही, कारण शाळा मराठी होती. साधी मराठी पुरते. ‘विहित नमुन्यात अर्ज सादर करावा’ याऐवजी ‘कार्यालयातून छापील अर्ज घ्या, भरून खिडकी क्रमांक दोनवर द्या’ असे लिहिले की झाले. घरच्यांची परवानगी लागणारे कार्यक्रम, म्हणजे मुक्कामी शिबिर किंवा कोल्हापूरला जाऊन मांडायचा प्रकल्प, यांच्यासाठी मात्र एखाद्या मोठ्या विद्यार्थिनीच्या आवाजात कानडीतून एक मिनिटाचा निरोप रेकॉर्ड करून पाठवावा. फोन वडिलांच्याच हातात असतो ही आपली अडचण आहे, तीच इथे कामी येते. सोबत कोणत्या मॅडम आहेत, मुक्काम कुठे आहे आणि परत कधी आणून सोडणार, या तीन गोष्टी त्या निरोपात आल्या तर आई-वडील सहसा नाही म्हणत नाहीत.

प्रतिसाद : प्रीतिसंगम

मी कराडला शिकवते. वरच्या सूचना उपयुक्त आहेत, तरीही धागालेखकांशी एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे, आणि तो मोकळेपणाने मांडते. सर, आपली विद्यार्थिनी फेब्रुवारीपासून वहीत बेदाणे चिकटवत होती आणि आपल्याला ते नोव्हेंबरात, मुदत उलटल्यावर कळले. मधल्या आठ-नऊ महिन्यांत तिला ते कुणाला दाखवावेसे वाटले नाही, किंवा कुणी विचारले नाही. फलकावर कितीही चांगले लिहिले असते, तरी आपण रानात लिहिलेल्या आकड्यांना संशोधन म्हणतात हे तिला कोण सांगणार होते? सूचना तयार माणसाला तारीख सांगते. माणूस तयार आहे की नाही हे पाहण्याचे काम तिला जमत नाही.

आमच्याकडे मी एवढेच करते, की ऑगस्टमध्ये प्रत्येक वर्गात एक कोरा कागद फिरवते आणि ‘घरी, रानात किंवा दुकानात तुम्ही स्वतः काय मोजता, नोंदवता किंवा दुरुस्त करता’ एवढा एकच प्रश्न विचारते. ‘आविष्कार’ हा शब्द त्यावर नसतो. कुणी दुधाच्या फॅटच्या नोंदी लिहिते, कुणी हळदीच्या दरांच्या. बहुतेक कागदांवर काहीच नसते, हेही सांगते. पण परिपत्रक येते तेव्हा कुणाला बोलवायचे हे मला आधीच ठाऊक असते.

युवा महोत्सवाचेही असेच आहे. नावनोंदणीची सूचना लागल्यावर एकांकिकेची जुळवाजुळव सुरू केली, तर तालमीला दिवसच उरत नाहीत.

धागालेखक : पूर्वभाग

सर्वांचे मनापासून आभार. प्रीतिसंगम ताई, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचल्यावर उत्तर लिहायला घेतले होते, ते खोडले. गेल्या वर्षी पहिल्या सत्रात ही मुलगी माझ्याच प्रात्यक्षिकाच्या तुकडीत होती, हे मूळ लेखनात लिहायचे मी टाळले होते. कोरा कागद येत्या सोमवारपासून फिरवणार आहे.

आवकजावक साहेब, सूचना वही सापडली. भांडार कक्षात, जुन्या हजेरीपटांखाली होती, आणि तिच्यातली शेवटची सूचना मार्च २०२० मधली आहे. शिपाईमामांना विचारले, तर ते म्हणाले की वही फिरवायला त्यांची हरकत नाही, फक्त तिसऱ्या मजल्यावर दिवसातून एकदाच जाईन. तेवढे पुरे आहे.

आलेल्या सल्ल्यांवरून सूचनेचा एक कच्चा मसुदा केला आहे, तो इथे देतो :

“तुम्ही स्वतः केलेला एखादा प्रयोग, पाहणी किंवा बनवलेली वस्तू आहे का? ती विद्यापीठाच्या ‘आविष्कार’ स्पर्धेत मांडता येते. हे गॅदरिंग नाही. कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला भाग घेता येतो. १० तारखेला दुपारी ४ पर्यंत वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेत, खोली क्रमांक १४ मध्ये येऊन नाव सांगा. सोबत काहीही तयार आणण्याची गरज नाही. वही असेल तर वही आणा.”

‘हे गॅदरिंग नाही’ हे वाक्य प्राचार्यांना खटकले. त्याची कारणमीमांसा सांगितल्यावर त्यांनी सही केली. वेळ दुपारी चारची ठेवली आहे, कारण त्यानंतर एसटीची मुले थांबत नाहीत. शिवाय पासच्या अर्जावर महाविद्यालयाचा शिक्का घेण्यासाठी महिन्याच्या आरंभी जी रांग लागते, तिच्या खिडकीशेजारी एक छोटा फलक लावून घेतला आहे. त्यावर जयंती-पुण्यतिथीचा कागद लावायचा नाही, एवढी एकच अट घातली आहे. तिथे उभे राहून मुलांना वाचण्यासारखे दुसरे काही नसते. सीमेवरचा यांनी सुचवलेला आवाजी निरोप सेवा योजनेच्या शिबिराच्या वेळी करून पाहीन.

आता एकच गोष्ट अडली आहे. मुदतवाढीचे काय करावे? पहिली मुदत संपली की बहुधा वाढीव मुदतीचे पत्र येते, हे मुलांनाही पाठ झाले आहे, त्यामुळे पहिल्या तारखेकडे ती गांभीर्याने पाहतच नाहीत. मुदतवाढ कळवली नाही तर खरोखर अडलेल्या मुलाचे नुकसान होते. कळवली, तर पुढच्या वेळी माझ्या दहा तारखेवर कुणाचा विश्वास बसत नाही. शिवाय जुना कागद कुणीतरी मोबाइलवर टिपलेला असतो आणि तो महिनाभर फिरत राहतो.

प्रतिसाद : आवकजावक

मुदतवाढीसाठी नवा कागद काढू नका, सर. त्याच कागदावरची जुनी तारीख एका रेघेने खोडा, वाचता येईल अशी खोडा, आणि शेजारी नवी तारीख लिहून तिथे प्राचार्यांची छोटी सही व दिनांक घ्या. ज्यांनी वेळेत नावे दिली त्यांची यादी त्या कागदाखाली आधीच लावलेली असावी, म्हणजे वाढीव मुदतीत येणाऱ्याला आपण कितव्या क्रमांकावर आहोत ते दिसते. गटावरही नवा संदेश न टाकता जुन्याच संदेशाला उत्तर म्हणून मुदतवाढ लिहा. आणि मुदतवाढीचे पत्र हातात पडेपर्यंत ‘वाढेल बहुतेक’ असे कुणीही, अगदी चहाच्या टपरीवरही, बोलू नये, अशी ताकीद आपल्या सहकाऱ्यांना द्या. आमच्याकडे मुलांना ती खात्री कार्यालयातूनच मिळत असे.